नवतप्यात लावलेलं रूम करेक्शन : आठ महिन्यांनंतर

होम थिएटरचा रिसीव्हर (स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर) घेताना वॅट कमी पाहिले, त्यात रूम करेक्शन कोणतं आहे ते जास्त पाहिलं. रूम करेक्शन म्हणजे रिसीव्हर स्पीकरमधून चाचणीचे आवाज काढतो, माइकने मोजतो आणि खोलीमुळे बिघडलेला आवाज सुधारतो. आमचा हॉल १५ बाय ११ फूट, भिंती उघड्या, खाली फरशी. टाळी वाजवली तर दोनदा ऐकू येते. डिरॅक नावाच्या करेक्शनचा मोह होता, पण त्याच्या लायसन्सचे पैसे वेगळे. म्हणून ऑडिसी एक्सटी३२ हे करेक्शन असलेला डेनॉन कंपनीचा रिसीव्हर घेतला.

तो घरी आला नेमका नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत. मोजणीला शांतता लागते, आणि नागपुरात मे महिन्यात कूलर बंद करा म्हणणं म्हणजे घरच्यांशी वैर. कूलर 'लो'वर ठेवून बघितला तर आजूबाजूचा आवाज जास्त आहे म्हणून रिसीव्हरने मोजायलाच नकार दिला. मग कूलर बंद, पंखा बंद. माइक स्टँडवर कानाच्या उंचीला ठेवून आठ जागी मोजायचं. सहाव्या जागेला शर्ट अंगाला चिकटला होता. आतून आई ओरडली, "काहून रे, हे कुईंकुईं अजून किती वेळ?"

संवाद त्याच रात्री स्वच्छ झाले. बास मात्र गायब. दोन महिने मी सबवूफरचा (बासच्या वेगळ्या स्पीकरचा) आवाज वाढवतच राहिलो. गंमत म्हणजे सोफ्यावर मला बास नाही आणि भिंतीपलीकडच्या काकांची रोज तक्रार.

पावसाळ्यात मित्राचा यूमिक हा मोजणीचा माइक आणला, आरईडब्ल्यू हे आवाज मोजायचं फुकटचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाकलं. आलेखात ३८ हर्ट्झला, म्हणजे खोल बासच्या जागी, सरळ विहीर! हिशोब सोपा होता. १५ फूट म्हणजे ४.५७ मीटर, ध्वनीचा सेकंदाला ३४३ मीटर वेग त्याच्या दुपटीने भागला की साडेसदतीस. या लहरीचा दाब खोलीच्या मधोमध जवळपास शून्य असतो, आणि आमचा सोफा बरोबर मधोमध. अशा ठिकाणी ९ डेसिबल वाढवायचे तर आठपट ताकद लागते, आणि वाढवले तरी भिंतीवरून परतणारी लाटही तेवढीच वाढून मूळ आवाज खाते. एखादा सूर जास्त वाजत असेल, तर तो फुगवटा करेक्शन मस्त कापतं. खड्डा बुजवणं त्याच्या हातात नाही.

सोफा मागच्या भिंतीपासून दोन फुटांवर सरकवला. त्यासाठी दिवाण आतल्या खोलीत गेला, त्यावर आठवडाभर घरात अबोला होता. पुन्हा मोजणी. आता त्याच ३८ला फुगवटा आला, तो करेक्शनने कापला. सब आधीपेक्षा कमी ठेवलाय, तरी बास पोटात लागतो. काका खूश.

एक चूक माझी. सब नऊ फुटांवर असताना रिसीव्हरच्या मेनूत त्याचं अंतर १९ फूट दिसलं, म्हणून मी ते 'दुरुस्त' केलं होतं. ते टेपने मोजायचं अंतर नाहीच. सबच्या आतल्या प्रक्रियेला लागणारा वेळ त्यात धरलेला असतो. ते आकडे हलवू नका.

करेक्शनमध्ये फेरफार करायच्या ऑडिसीच्या ॲपचे पैसे वेगळे भरले, पण वसूल झाले. करेक्शन ५०० हर्ट्झपर्यंतच ठेवलं, कारण त्यावरचा माझ्या स्पीकरचा आवाज मला मुळातच आवडतो. मिडरेंज कॉम्पेन्सेशन (मधल्या सुरांत मुद्दाम केलेली थोडी घट) बंद केलं. आवाज हळू असतानाही बास टिकवणारं डायनॅमिक इक्यू फक्त रात्री, हळू आवाजात.

सध्या थंडी आहे, कूलर झाकलेला आहे, त्यामुळे ऐकायला यापेक्षा चांगले दिवस नाहीत. उन्हाळ्यात कूलरच्या आवाजामुळे सेंटर, म्हणजे संवादांचा मधला स्पीकर, ३ डेसिबल वर घेणार. जूनमध्येही घेतला होता; कुजबुजीच्या सीनला तरी सबटायटल लावावे लागलेच.