थंबप्रिंट कुकीज: फळाचं सारण आधी भरावं, अर्ध्यात की शेवटी?

थंबप्रिंट कुकीज, म्हणजे मधोमध अंगठ्याने खळगी दाबून तीत सारण भरलेल्या कुकीज, करायचं मनात आलं की पहिला विचार चवीचा येतो. स्ट्रॉबेरी घ्यावी की जर्दाळू, कडेला बदाम लावावेत की नुसत्याच ठेवाव्यात. माझं ऐकाल तर हे सगळं नंतर ठरवा. आधी ठरवायचं ते एवढंच, की खळगीत सारण कधी पडणार: ओव्हनमध्ये जाण्याआधी, अर्धवट भाजल्यावर, की पूर्ण भाजून बाहेर काढल्यावर? सारण किती आटवायचं, त्याचा रंग कसा येणार, कुकी डब्यात किती दिवस खुसखुशीत राहणार, हे सगळं त्यावरून ठरतं. तिन्ही पद्धतींनी मी कितीतरी ट्रे काढलेत. पीठ तेच, सारण तेच, तरी कुकीज खायला चक्क वेगळ्या लागतात.

तुलना करायची म्हणून पीठ सगळीकडे एकच धरते: बिनमिठाचं मऊ बटर 225 ग्रॅम, पिठीसाखर 100 ग्रॅम, अंड्यांचे 2 बलक, मैदा 280 ग्रॅम, पाव चमचा मीठ आणि थोडा व्हॅनिला. बटर-साखर एकजीव करायची, पण फेसून हलकी करायची नाही. हवा भरली की कुकी ओव्हनमध्ये फुगते आणि खळगी भरून येते. त्याच कारणासाठी बेकिंग पावडरही नको. 20 ग्रॅमचा एक याप्रमाणे साधारण 32 गोळे होतात. ओव्हन 175 अंश सेल्सिअसला, पंख्याचा असेल तर 160 ला.

बेक करण्याआधी भरणं

ही जुनी, सरळ पद्धत. स्वीडनमध्ये याच धर्तीच्या कुकीला 'हालोनग्रोत्ता' म्हणतात, म्हणजे रास्पबेरीची गुहा. तिथे ती पुष्कळदा छोट्या कागदी कपांत भाजतात. त्या कपांमागे विचार आहे: सारण उतू आलं तरी कागदाच्या भिंतीत अडतं आणि पीठ पसरत नाही. आपण सपाट ट्रेवर भाजतो तेव्हा ती भिंत नसते.

उतू का जातं ते समजलं की निम्मी काळजी मिटते. नीट शिजलेल्या जॅममध्ये साखर आणि फळातला घन भाग मिळून साधारण 60 ते 65 टक्के असतात, बाकी पाणी. असा जॅम 104-105 अंशांच्या आसपास उकळतो. ओव्हन 175 ला असताना खळगीतला अर्धा चमचा जॅम तिथवर पोहोचायला वेळ लागत नाही. कडेने बुडबुडे येतात, जॅम वर चढतो, आणि खळगी काठोकाठ भरलेली असेल तर ओघळतो. ट्रेवर सांडलेली साखर करपते आणि कुकी कागदाला चिकटते. माझ्या पहिल्या ट्रेत 12 पैकी 9 कुकीजचं असंच झालं होतं. चूक जॅमची नव्हती, मी भरताना हात सैल सोडला होता. काठापासून दोन-तीन मिलिमीटर खाली थांबायचं, हाच या पद्धतीचा नियम.

तो पाळला तर मिळतं ते बाकी दोन पद्धतींत मिळत नाही. सारणाच्या वरच्या थरातलं पाणी उडून तो किंचित चिवट होतो, दाताला छान लागतो. सारण आणि कुकी एकमेकांत रुजतात. डब्यात एकावर एक थर लावून कुठे न्यायच्या असतील तर याच कुकीज सर्वांत भरवशाच्या. तोटा रंगाचा. स्ट्रॉबेरीचा लालभडकपणा तपकिरीकडे झुकतो, ताज्या फळाचा वासही कमी होतो. शिवाय सारणाखालचं पीठ ओलसर राहतं. कडा सोनेरी झाल्या म्हणून घाईने काढलं तर मधोमध कच्चं लागतं, म्हणून एक कुकी उलटून तळ बघायचा.

अर्धवट भाजून भरणं

पहिल्यांदाच करणाऱ्याला मी हीच पद्धत सांगते.

रिकाम्या खळगीच्या कुकीज 8 मिनिटं भाजायच्या आणि ट्रे बाहेर काढायचा. खळगी उथळ झालेली दिसेल. घाबरू नका, ती होतेच. आता नीट बघा. कडेचा भाग निस्तेज, कोरडा दिसतो आणि मधला भाग अजून ओलसर चमकत असतो. हीच वेळ. अर्ध्या टीस्पूनच्या गोल मापाची पाठ खळगीत टेकवायची आणि हलकं फिरवत दाबायचं. पीठ चिरत नाही, चमच्याच्या आकारात गुपचूप बसतं आणि स्वच्छ गोल वाटी तयार होते. दोन मिनिटं उशीर केला की तोच चमचा कडेला तडे पाडतो. मग सारण भरायचं आणि आणखी 5-6 मिनिटं भाजायचं.

सारणाला ओव्हन कमी वेळ मिळतो, त्यामुळे रंग टिकतो, उतू जाण्याचा धोका कमी होतो, तरी ते कुकीला धरून बसतं. खळगी दुसऱ्यांदा दाबल्यामुळे सारणही थोडं जास्त मावतं. अडचण एकच, हात झपाझप चालावे लागतात. ट्रे बाहेर असताना ओव्हनचं दार बंद हवं आणि सारण आधीच चमच्याने उचलता येईल असं तयार हवं. एकाच वेळी तीन ट्रे भाजायचे असतील तर ही पद्धत दमवते. तेव्हा मी सरळ आधीच भरते.

पूर्ण भाजून भरणं

कुकीज 13-14 मिनिटं रिकाम्याच भाजायच्या, बाहेर काढल्याबरोबर खळगी दाबून घ्यायची, गार करायच्या, मग गरम सारण ओतायचं. दिसायला याच सर्वांत देखण्या. सारण काचेसारखं चमकतं आणि फळाची चव इथे सर्वांत ताजी. लिंबाचं कर्ड (अंडी, साखर, बटर आणि लिंबाचा रस शिजवून केलेलं दाट सारण) भरायचं असेल तर हीच पद्धत बरी. ते ओव्हनमध्ये फाटू शकतं.

पण इथे एक फसगत होते. बाटलीतला जॅम नुसता कोमट करून ओतला की तो पुन्हा तसाच घट्ट बसेल असं वाटतं. बसत नाही. नेहमीच्या जॅममधल्या पेक्टिनची, म्हणजे जॅम घट्ट करणाऱ्या फळातल्या घटकाची, जाळी एकदा ढवळून मोडली की पहिल्यासारखी जुळत नाही. घट्टपणा हवा असेल तर पाणीच कमी करावं लागतं. म्हणून छोट्या भांड्यात जॅम दोन-तीन मिनिटं खदखदू द्यायचा, गार फ्रीजमधल्या बशीवर थेंब टाकून बघायचा, बोट फिरवल्यावर वाट मोकळी राहिली की भरायचा. हे टाळलं तर कुकी हातात घेताना सारण घसरतं आणि डब्यात थर लावणं अशक्य होतं.

जॅम, घरचं सारण की सुकी फळं

आयता जॅम सोयीचा आणि पहिल्या खेपेला पुरेसा. फक्त कमी साखरेचा घेऊ नका. त्यात पाणी जास्त असतं, ओव्हनमध्ये तो लवकर पसरतो आणि भरलेल्या कुकीज बाहेर टिकतही नाहीत. तोच हवा असेल तर शेवटी भरा आणि त्याच दिवशी संपवा.

घरी शिजवलेल्या सारणाची मजा मात्र वेगळी आहे, आणि वेळ असेल तर माझं मत त्यालाच. 250 ग्रॅम चिरलेली स्ट्रॉबेरी किंवा प्लम, 80 ग्रॅम साखर, एक टेबलस्पून लिंबाचा रस. फ्रोझन फळ असेल तर ते वितळवत बसायची गरज नाही, तसंच भांड्यात टाका. सारण झालं की नाही हे डोळ्यांनी ठरवणं पहिल्यांदा कठीण जातं, म्हणून मी वजन करते. रिकाम्या भांड्याचं वजन आधी टिपून ठेवायचं, मग शिजवताना मधूनमधून भांडं काट्यावर ठेवायचं. आतला ऐवज 345 ग्रॅमवरून 160 ग्रॅमच्या आसपास आला की सारण जॅमइतकं घट्ट झालं. 32 कुकीजना प्रत्येकी 5 ग्रॅम, बरोबर पुरतं. काटा नसेल तर भांड्याच्या तळावर उलथणं ओढा. रेघ क्षणभर तशीच उघडी राहिली पाहिजे.

फळ निवडताना पेक्टिन लक्षात ठेवा. सफरचंद, प्लम, क्रॅनबेरी यांत ते भरपूर असतं, ती लवकर घट्ट होतात. स्ट्रॉबेरी, चेरी, पीच, पेअर यांत कमी. अशा फळांत किसलेलं अर्धं आंबट सफरचंद घातलं की काम सोपं होतं. ते घातलंत तर 160 ग्रॅमपेक्षा थोड्या जास्त वजनावरच थांबा. कॉर्नफ्लोअर लावून सारण दाट करण्याचा मोह होतो, मी तो करत नाही. आंबट फळात आणि जास्त उष्णतेत त्याचा दाटपणा ढिला पडतो, सारण गढूळ दिसतं आणि ठेवल्यावर पाणी सोडतं.

सुक्या फळांचं सारण मागे पडलंय याचं मला वाईट वाटतं. जर्दाळू, अंजीर किंवा खजूर गरम पाण्यात अर्धा तास भिजवून, पाणी निथळून, लिंबाच्या रसाबरोबर वाटायचे. साखर लागतच नाही. हे सारण उतू जात नाही, पसरत नाही, आधी भरलं तरी जागचं हलत नाही. जर्दाळूचा आंबटपणा बटरच्या कुकीला फार शोभतो. रंगाचा हट्ट नसेल आणि ओव्हनचा अंदाज अजून आला नसेल, तर यानेच सुरुवात करा.

ताज्या फळाचे तुकडे थेट खळगीत घालू नका. स्ट्रॉबेरीत जवळजवळ 90 टक्के पाणी असतं. ते सगळं कुकीत उतरतं. हौसच असेल तर वाढताना, जॅमवर एखादी ब्लूबेरी ठेवा.

बलक घालून की अंड्याशिवाय

बलकातली चरबी आणि पाणी पिठाला बांधून ठेवतात, म्हणून बलकाच्या पिठात अंगठा दाबला की कडा कमी फुटतात. पूर्ण अंडं घालू नये, पांढऱ्यामुळे कुकी केककडे झुकते. ते पांढरं वाया जात नाही: गोळा त्यात बुडवून बारीक चिरलेल्या बदाम-अक्रोडात घोळवला की छान कवच येतं.

अंड्याशिवाय करायच्या असतील तर वजनाने साखर 1, बटर 2, मैदा 3 हे शॉर्टब्रेडचं प्रमाण घ्या. कुकी जास्त भुरभुरीत होते आणि मला तर अर्धवट भाजून भरायला तीच आवडते. कडा फुटत असतील तर पिठात एक-दोन चमचे दूध घालून मळा.

तडे जाण्याचं खरं कारण मात्र बहुतेकदा अंडं नसतं, थंड पीठ असतं. पुष्कळ जण पीठ फ्रीजमध्ये ठेवतात, मग गोळे करतात, मग दाबतात. उलट करा. पीठ मऊ असतानाच गोळे वळा, तळहातात ते अगदी गुळगुळीत होईपर्यंत फिरवा, खळगी दाबा आणि मगच ट्रेसकट अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. दाबताना तडे जात नाहीत आणि गार बटरमुळे कुकी ओव्हनमध्ये पसरतही नाही. खळगी अंगठ्याने करावी की चमच्याने? नावाप्रमाणे अंगठ्याने सुरुवात करा, पण तळ सपाट करायला चमचा घ्या. नखाच्या टोकाने तळ पातळ झाला तर सारण खालून झिरपतं.

टिकण्याचा हिशेब

सारणातलं पाणी हळूहळू कुकीत जातं, तिन्ही पद्धतींत. भरलेल्या कुकीज दोन-तीन दिवसांत मऊ पडतात. काहींना त्या तशाच आवडतात. रिकाम्या कुकीज हवाबंद डब्यात आठवडाभर कुरकुरीत राहतात. म्हणजे पाहुणे शनिवारी यायचे आणि तुम्हाला मोकळा वेळ मंगळवारी असेल, तर मंगळवारी भाजून ठेवा आणि शनिवारी सकाळी भरा. याउलट खळगी दाबलेले कच्चे गोळे फ्रीझरमध्ये ठेवले तर लागतील तेवढेच काढून, न वितळवता, दोन मिनिटं जास्त भाजता येतात.

तरीही ठरत नसेल तर पहिल्या ट्रेवर सहाच गोळे ठेवा. दोघांत सारण आधी भरा, दोघांत 8 मिनिटांनी, दोघांत शेवटी. खालच्या कागदावर पेन्सिलने 1, 2, 3 लिहा. तीन जाती एकाच ट्रेवर असल्याने सगळ्या मिळून 14 मिनिटंच भाजा. त्यातल्या तीन लगेच खा, उरलेल्या तीन डब्यात घालून दुसऱ्या दिवशी चाखा, कारण पहिल्या दिवशी आवडलेली दुसऱ्या दिवशीही तीच आवडेल असं नाही. बाकीचे 26 गोळे तोपर्यंत फ्रीजमध्ये थांबतील.