ग्नूकॅशमध्ये सेव्ह आणि बॅकअप: वर्षभर वापरल्यानंतरचा अनुभव

घरखर्च, आम्हा दोघांच्या एसआयपी, सासऱ्यांची पेन्शन आणि दिंडोरीकडची द्राक्षबाग, असा सगळा हिशोब मी वर्षभर ग्नूकॅश या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवतेय. रिपोर्ट, बजेट, शेअर्स यावर बरंच लिहिलं जातं, मला फक्त फाइल सेव्ह कशी होते, बॅकअप कुठे पडतो आणि वेळ आली तर डेटा खरंच परत मिळतो का एवढंच लिहायचंय, कारण हिशोबाचं सॉफ्टवेअर घेताना माझ्या मते आधी हेच बघावं. मायक्रोसॉफ्ट मनी हे असंच हिशोबाचं सॉफ्टवेअर आठवत असेल तर कळेल, २००९ मध्ये विक्रीच बंद झाली आणि ज्यांचे वर्षानुवर्षांचे हिशोब त्यात होते त्यांना दुसरीकडे सोय बघावी लागली.

ग्नूकॅश फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि पहिल्यांदा सेव्ह करताना फॉरमॅट विचारतं: एक्सएमएल (साध्या मजकुराची फाइल), एसक्यूलाइट (एका फाइलमधला डेटाबेस), किंवा मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस (सर्व्हरवरचे डेटाबेस). घरच्या वापराला एक्सएमएलच घ्या. एसक्यूलाइटमध्ये एंट्री टाकली की लगेच लिहिली जाते, सेव्ह दाबायची गरज नाही, हे ऐकायला छान वाटतं पण मग दर सेव्हला जी जुनी प्रत आपोआप राहते ती मिळत नाही. आणि एक्सएमएलची खरी मजा वेगळीच आहे. फाइल डीफॉल्टने जीझिप करून, म्हणजे दाबून लहान करून, ठेवलेली असते, तिची एक कॉपी सेव्हन-झिपने उघडली आणि आतली फाइल नोटपॅडमध्ये टाकली की सगळं वाचता येतं. मी एंट्रीत "खरड छाटणी, टोळीची मजुरी" असं मराठीत लिहिलेलं तिथे जसंच्या तसं दिसलं, खाली तारीख, आणि रक्कम अपूर्णांकात, म्हणजे १,४५० रुपये असतील तर १४५०००/१००. उद्या हे सॉफ्टवेअर राहिलं नाही तरी माझा हिशोब कुणीही वाचू शकेल, ही खात्री मला फार मोलाची वाटते.

आता बॅकअप. सेव्ह केलं की आधीची फाइल पुसली जात नाही, तिच्या नावापुढे वर्ष महिना दिवस तास मिनिट सेकंद असा १४ आकडी शिक्का लागून ती बाजूला राहते. शिवाय एक लॉग फाइल असते, त्यात एंट्रीतला प्रत्येक बदल लिहिला जातो, सेव्ह केलेलं नसलं तरी. ऑटोसेव्ह चालू असेल तर डीफॉल्ट ५ मिनिटांनी होतो आणि प्रत्येक वेळी नवी प्रत, त्यामुळे फोल्डर भराभर भरतो, पहिल्यांदा बघणारा घाबरतो. घाबरू नका आणि हाताने साफ करायला जाऊ नका, ३० दिवसांपेक्षा जुन्या प्रती ते स्वतःच काढतं.

लॉग फाइलचं महत्त्व मला द्राक्षाच्या गोडी छाटणीच्या दिवसांत कळलं. पिंपळगावहून आणलेल्या औषधांची बिलं डेस्कटॉपवर चढवत होते आणि लाईट गेली, यूपीएस नव्हता. लाईट आल्यावर फाइल उघडली तर लॉक मिळत नाही असा मेसेज, कारण नीट बंद न झाल्याने डॉट एलसीके फाइल, म्हणजे हिशोब कुठेतरी उघडा आहे अशी खूण ठेवणारी लॉक फाइल, मागे राहिली होती. दुसरीकडे कुठे फाइल उघडी नाही हे नक्की होतं म्हणून ओपन एनीवे केलं. शेवटच्या काही एंट्री गायब. मग फाइल मेनू, इम्पोर्ट, त्यात रिप्ले लॉग फाइल (लॉगमधले बदल पुन्हा चढवणं), शेवटच्या सेव्हनंतरची लॉग निवडली आणि सगळी बिलं परत आली, अगदी विद्राव्य खताच्या बिलातल्या जीएसटीच्या ओळीसकट. एकच काळजी घ्या, रिप्ले करायच्या आधी नवीन काही टाकू नका आणि जुनी लॉग नव्या फाइलवर चालवू नका, नाहीतर गोंधळ होतो.

पण एवढं सगळं असूनही हा पूर्ण बॅकअप नाही, आणि हेच मला सगळ्यात जोर देऊन सांगायचंय. या सगळ्या प्रती मूळ फाइलच्याच फोल्डरमध्ये पडतात. चुकून एंट्री उडाली, लाईट गेली, यापासून त्या वाचवतात, पण डिस्क गेली की मूळ फाइल आणि तिच्या सगळ्या प्रती एकदमच गेल्या. दिराच्या लॅपटॉपची हार्ड डिस्क अशीच अचानक बसली होती, तेव्हापासून घरात हा विषय पक्का आहे. दुसरं म्हणजे ते ३० दिवस. एप्रिलमध्ये उडालेली एंट्री जुलैत रिटर्न भरताना लक्षात आली तर आपोआप ठेवलेली प्रत कधीच निघून गेलेली असते. प्रेफरन्सेसमध्ये, म्हणजे सेटिंगमध्ये, "कायम ठेवा" असं करता येतं, पण मग ढीग होतो. मी महिनाअखेरीला एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये काढते, ३१ मार्चची प्रत तर कायमची, आणि त्यातली एक पेनड्राइव्हवर व एक गूगल ड्राइव्हवर जाते. साइझ इतका लहान असतो की फुकटच्या १५ जीबीत काहीच जाणवत नाही. ग्नूकॅशच्या फाइलला पासवर्ड नसतो, म्हणून वर टाकण्याआधी सेव्हन-झिपमध्ये पासवर्ड लावून एईएस-२५६ एन्क्रिप्शन करते. तो पासवर्ड नवऱ्यालाही माहीत आहे, हेही तितकंच गरजेचं.

चालू फाइल मात्र गूगल ड्राइव्हच्या सिंक फोल्डरमध्ये, म्हणजे ज्यातलं सगळं आपोआप ड्राइव्हवर जातं तिथे, ठेवू नका. लॉक फाइलही सिंक होत राहते, आणि सिंक व्हायच्या आत दोन लॅपटॉपवर उघडली तर कुणाच्या एंट्री राहिल्या ते शोधत बसावं लागतं.

मुख्य फाइल म्हणजे सगळं, असंही नाही. नवऱ्याच्या मशीनवर विंडोजऐवजी उबंटू (लिनक्स) आहे, तिथे प्रत उघडून बघितली, आकडे पैशापैशाला जुळले, पण मी बसवलेले रिपोर्ट नव्हते. बागेचा खर्च वेगळा दाखवणारा रिपोर्ट तयार करायला मला बरीच मेहनत पडली होती. ते रिपोर्ट विंडोजमध्ये अ‍ॅपडेटाखालच्या ग्नूकॅश फोल्डरमध्ये असतात, तो फोल्डरही कॉपी करायचा. प्रेफरन्सेस विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंगच्या साठ्यात) असतात, ते नव्या मशीनवर परत लावायचे. आणि एंट्रीला जोडलेली बिलं फाइलच्या आत जातच नाहीत, फक्त त्यांचा पत्ता जातो, त्यामुळे उबंटूवर एकही बिल उघडेना. प्रेफरन्सेसमध्ये लिंक्ड फाइल्ससाठी मूळ फोल्डर ठरवायची सोय आहे, सुरुवातीलाच ती लावा म्हणजे पत्ते त्या फोल्डरच्या हिशोबाने राहतात आणि दुसऱ्या मशीनवर फक्त तेवढं एक ठिकाण बदलावं लागतं. बिलांचा फोल्डर अर्थातच वेगळा कॉपी करायचा.

तक्रार एकच. बॅकअपच्या प्रती दुसऱ्या फोल्डरमध्ये किंवा दुसऱ्या ड्राइव्हवर टाक, असं सांगायची सोय प्रेफरन्सेसमध्ये नाही. ती हवीच, कारण माझ्यासारखी महिनाअखेरीला आठवणीने बसणारी माणसं थोडी आणि सासऱ्यांसारखी, वहीतून थेट कॉम्प्युटरवर आलेली, जास्त. त्यांना मी हे सॉफ्टवेअर वापरायला दिलंय, एंट्री ते स्वतः टाकतात आणि आता तर माझ्यापेक्षा वेळेवर टाकतात, पण प्रत काढायचं काम अजून माझ्याकडेच आहे.