खिशातला इंग्रजी–मराठी कोश घ्यावा का? ‘रिफ्रेन’ उघडून पाहा

नाशिकमध्ये महात्मा गांधी रोडच्या पुस्तकांच्या दुकानांत स्पर्धा परीक्षावाली मुलं खिशात मावणारा एक स्वस्त इंग्रजी–मराठी कोश हमखास घेतात. बांधणी बरी आहे, टाइप बारीक असला तरी स्वच्छ आहे. पण कोश कागदावर नाही, नोंदीवर जोखायचा असतो. त्यासाठी ‘रिफ्रेन’ (refrain, म्हणजे एखादी गोष्ट करण्यापासून स्वतः थांबणं) हे एकच क्रियापद पुरेसं आहे.

नोंद एका ओळीची आहे: ‘ध्रुवपद, आवरणे, परावृत्त होणे’. एवढ्या एका ओळीत तीन घोटाळे.

पहिला घोटाळा म्हणजे ध्रुवपद आणि परावृत्त होणे हे एका शब्दाचे दोन अर्थ नाहीतच. क्रियापद आलं लॅटिनमधल्या ‘लगाम’ या अर्थाच्या शब्दावरून, आणि गाण्याचं पालुपद आलं ‘मोडणे’ या अर्थाच्या धातूवरून. इंग्रजीत दोघांचं स्पेलिंग जुळलं, इतकंच. चांगल्या कोशात या दोन स्वतंत्र नोंदी असतात.

दुसरा घोटाळा ‘आवरणे’चा. मराठीत आपण मुलाला आवरतो, बैल आवरतो. ‘आवरणे’ला कर्म लागतं. आजच्या इंग्रजीत ‘रिफ्रेन’ला कर्म चालत नाही. दुसऱ्याला आवरायचं असेल तर ‘रिस्ट्रेन’. हा कोश वाचून मुलगा ‘ही रिफ्रेन्ड द डॉग’ लिहिणार, आणि दोष त्याचा नसेल.

तिसरा सगळ्यात महागात पडणारा. ‘फ्रॉम’चा उल्लेखच नाही. ‘रिफ्रेन’नंतर ‘फ्रॉम’ आणि त्यापुढे नाम किंवा आयएनजी लावलेलं रूप: ‘ही रिफ्रेन्ड फ्रॉम कमेंटिंग’. आपण बोलताना ‘बोलायचं टाळलं’ म्हणतो, त्यात ‘पासून’ नसतं. म्हणून ‘रिफ्रेन्ड टॉकिंग’ किंवा ‘रिफ्रेन्ड टू टॉक’ लिहिलं जातं. ‘परावृत्त होणे’पुढे कंसात नुसतं ‘-पासून’ छापलं असतं तरी ही चूक टळली असती.

पाट्यांच्या भाषांतरात आणखी एक खड्डा आहे. ‘रामकुंडात साबण वापरू नये’ हे इंग्रजीत करताना ‘नये’साठी ‘नॉट’ घातलं जातं आणि ‘प्लीज रिफ्रेन फ्रॉम नॉट यूझिंग सोप’ तयार होतं. अर्थ होतो, साबण वापराच! नकार ‘रिफ्रेन’च्या पोटातच आहे. बरोबर वाक्य ‘प्लीज रिफ्रेन फ्रॉम यूझिंग सोप’.

अर्थाची छटा तर कोशाने सोडूनच दिली आहे. ‘रिफ्रेन’मध्ये करायची इच्छा किंवा संधी असते आणि माणूस स्वतःहून थांबतो. ओठावर आलेलं गिळलं, तर ‘रिफ्रेन’. पावसामुळे पांडवलेणीला जाता आलं नाही, तर नव्हे. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करणं किंवा मतदानात तटस्थ राहणं यांना ‘अ‍ॅबस्टेन’ हवं. तिथेही ‘फ्रॉम’ लागतं. आणि साधं टाळणं म्हणजे ‘अव्हॉइड’, त्याला मात्र ‘फ्रॉम’ लागत नाही.

उच्चार ‘रीफ्रेन’ छापलाय. ‘रि’ ऱ्हस्व हवा, आघात ‘फ्रेन’वर.

वाचताना अडलेल्या शब्दाचा ढोबळ अर्थ हवा असेल तर हा कोश चालेल. निबंध, पत्र, अर्ज लिहायला घेऊ नका. त्यासाठी प्रत्येक अर्थाला उदाहरणवाक्य देणारा, शिकणाऱ्यांसाठीचा कोश घ्या, जाड असला तरी. दुकानात पैसे देण्याआधी ‘रिफ्रेन’, ‘रिस्ट्रेन’, ‘अ‍ॅबस्टेन’ या तीन नोंदी उघडा. तिन्हींसमोर ‘आवरणे’ दिसलं तर परत ठेवा. आधीच घेतला असेल तर ‘आवरणे’ खोडून समासात पेन्सिलीने लिहा: ‘स्वतः थांबणे, फ्रॉम + आयएनजी, नॉट नको’.