समुद्रकिनारी पार्किंगचा क्यूआर कोड स्कॅन करण्याआधी हे वाचा

4,381 पौंड 80 पेन्स. एवढे पैसे आमच्या खात्यातून गेले, आणि सगळं सुरू झालं ते 7 पौंड 80 पेन्सच्या पार्किंगपासून. रुपयांत जवळपास पाच लाख. सासूबाई पुढच्या उन्हाळ्यात येणार म्हणून तिकीट, व्हिसा आणि विम्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे होते हे. लिहिताना अजून हात थरथरतोय, तरी लिहिते, कारण जून ते ऑगस्ट इथे इंग्लंडमधला प्रत्येक मराठी माणूस शनिवार-रविवार गाडी काढून समुद्राकडे पळतो आणि भामट्यांना ते चांगलं ठाऊक आहे.

आम्हीही पळतो. साउथएंडचा तो समुद्रात 2 किलोमीटरहून लांब गेलेला धक्का (पिअर), मार्गेट, कॅम्बर सँड्सची वाळू. ब्रायटनला वाळू नाही, नुसते गोटे, तरी तिथेही जातो. सकाळी डब्यात पोळी-भाजी भरायची आणि रात्री परत यायचं. यावेळी ससेक्सच्या किनाऱ्यावरच्या एका लहान गावी गेलो होतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हा प्रकार एका गावापुरता नाही.

कार पार्क काउन्सिलचा, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचा. मशीन नाणी घेत नव्हतं, कार्डाचा भाग बंद, मागे रांग, डोक्यावर ऊन. अॅप डाउनलोड करायला गेलो तर नेटवर्क इतकं मंद की ते उतरेचना. किनाऱ्यावर हे नेहमीचंच. मशीनवरच क्यूआर कोडचा स्टिकर होता, वर काउन्सिलचं चिन्ह, खाली 'इथे पैसे भरा'. स्कॅन केला. साधं पान होतं, ते उघडलं. गाडीचा नंबर, किती तास, मोबाइल नंबर, कार्ड. चार तासांचे 7.80. फलकावरही तोच दर होता. संशय कशाचा घेणार?

तरीही एक क्षण होता, आणि तो मला झोपू देत नाही. इथल्या पार्किंगच्या बहुतेक मशीनवर ठळक आकड्यांत लोकेशन कोड, म्हणजे त्या जागेचा क्रमांक, छापलेला असतो आणि खरं अॅप सहसा आधी तोच विचारतं. या पानाने तो विचारलाच नाही. नवरा म्हणालासुद्धा, "अगं, लोकेशन नाही विचारलं?" मी म्हटलं, क्यूआरमध्येच असेल की. आणि हे काही वेडगळ उत्तर नव्हतं, काही ठिकाणी खरोखरच तसं असतं. पण देशभरच्या किती कार पार्कांमधून आपली गाडी नेमकी कुठे उभी आहे हे त्या पानाला न विचारता कसं कळलं, हा प्रश्न तिथेच पडायला हवा होता. स्टिकरचा एक कोपरा सुटला होता आणि खाली दुसरा कोड डोकावत होता. मला वाटलं, खाऱ्या हवेने निघालाय. नखाने खरवडून पाहा. स्टिकरवर स्टिकर दिसला तर तिथून निघा.

दुसऱ्या दिवशी कार्डावरून 49 पौंड गेले, कसल्याशा वर्गणीचे. आम्ही बँकेला फोन करणार, तोच बँकेचा फोन आला. म्हणजे आम्हाला बँकेचा वाटला. स्क्रीनवर नंबर बँकेचा. बोलणाऱ्याला पार्किंगची रक्कम ठाऊक, गाडीचा नंबर ठाऊक, 49 पौंडही ठाऊक. तो शांतपणे म्हणाला, "कार्डाच्या मागे छापलेला नंबर या नंबराशी ताडून पाहा." पाहिला. तोच. आता मला कळतंय की स्क्रीनवर हवा तो नंबर दाखवता येतो. तेव्हा मात्र समोरचा माणूस आमची चोरी थांबवतोय असंच दोघांना वाटत होतं. खातं धोक्यात आहे, पैसे 'सुरक्षित खात्यात' हलवा. आधी 2,450, मग 1,875. बँकेचं अॅप म्हणालं, नाव जुळत नाही. तो म्हणाला, खातं आत्ताच उघडलंय, नाव चढायला वेळ लागतो. नवरा आयटीत आहे, मी हिशेबाचं काम करते. आम्ही अडाणी नाही. ज्यांनी आदल्या दिवशी आमची सगळी माहिती गोळा केली, त्यांच्याशी आम्ही बोलत होतो, एवढाच फरक.

बँकेच्या नावाने फोन आला की ठेवा आणि 159 फिरवा. बहुतेक मोठ्या बँकांशी तो नंबर थेट जोडून देतो. कुठलीही खरी बँक पैसे दुसरीकडे हलवायला सांगत नाही. संशयास्पद मेसेज 7726 वर पाठवा, फुकट आहे.

यापुढचा भाग चोरीपेक्षा वाईट.

खऱ्या बँकेने 49 पौंड परत दिले. 7.80 चं उत्तर, 'व्यवहार तुम्हीच केलात.' आणि 4,325 साठी पत्र आलं की आम्ही इशाऱ्याकडे दुर्लक्ष केलं, हा घोर निष्काळजीपणा आहे. नियम काय आहे ते मी तेव्हा शोधलं. 7 ऑक्टोबर 2024 पासून असे फसवून पाठवायला लावलेले पैसे बँकांनी 85,000 पौंडांपर्यंत परत करायचे आहेत, साधारण पाच कामकाजाच्या दिवसांत, फार तर 100 पौंड कापून. निष्काळजीपणा सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची, ग्राहकाची नाही. निम्मा भार भामट्याचं खातं ज्या बँकेत होतं तिने उचलायचा. ते खातं उघडलं कसं, हे मला कुणीतरी सांगा! आम्ही नवीन आलो तेव्हा पत्त्याच्या एका पुराव्यासाठी बँकांनी आम्हाला किती हेलपाटे घालायला लावले, हे इथे आलेल्या कुठल्याही भारतीय जोडप्याला विचारा.

पोलिसांच्या 101 वर फोन केला. ते म्हणाले, आमच्याकडे नाही, फसवणुकीच्या राष्ट्रीय केंद्राकडे नोंदवा. नोंदवली. संदर्भ क्रमांक मिळाला, काही आठवड्यांनी ईमेल आला: तपास पुढे नेण्याइतके धागेदोरे नाहीत. कुणी एक फोनसुद्धा केला नाही. पैसे कुठल्या खात्यात गेले तो खाते क्रमांक आम्ही लिहून दिला होता! याहून मोठा धागा कुठला असतो?

आणि काउन्सिल. त्यांनी आम्हाला दंड पाठवला. पार्किंगचे पैसे त्यांच्याकडे पोचलेच नाहीत ना! 50 पौंड, 14 दिवसांत भरले तर 25. आम्ही स्टिकरचा फोटो, बँकेचा व्यवहार, फसवणुकीचा संदर्भ क्रमांक, सगळं जोडून आक्षेप घेतला. उत्तर आलं की आमच्या यंत्रणेत तुमचं पेमेंट दिसत नाही. त्यांच्याच मशीनवर, त्यांच्याच चिन्हाखाली आम्ही लुबाडलो गेलो, आणि सावध करणारा साधा कागदसुद्धा तिथे लावलेला नव्हता. वैतागून नवऱ्याने 25 पौंड भरून टाकले. तुम्ही भरू नका. भरले की प्रकरण बंद होतं. गाडीच्या मालकाच्या नावे नोटीस येईपर्यंत थांबा, रीतसर हरकत घ्या, तीही फेटाळली तर लंडनबाहेर ट्रॅफिक पेनल्टी ट्रायब्युनलकडे, म्हणजे अशा दंडांवरची अपिलं ऐकणाऱ्या स्वतंत्र लवादाकडे, जा. तिथे फी नाही. हरलात तर मात्र पूर्ण 50 भरावे लागतील, हे धरून चला.

आणखी एक. मशीनचे, स्टिकरचे, फलकाचे फोटो त्याच दिवशी काढा. आमच्याकडे आहेत ते केवळ मागच्या निळ्या समुद्रासाठी नवऱ्याने माझा फोटो काढला आणि त्यात मशीन आलं म्हणून. आणि लाजेने गप्प बसू नका. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याला असंच दुसऱ्या किनाऱ्यावर गाठलं होतं, त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी तो कोपरा नक्की खरवडला असता.

बँकेचं शेवटचं उत्तर आलं की, किंवा तक्रारीला आठ आठवडे झाले की, फायनान्शियल ओम्बड्समनकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी पाहणाऱ्या स्वतंत्र लोकपालाकडे, जाता येतं. शेवटच्या उत्तरापासून सहा महिन्यांची मुदत असते आणि पैसे लागत नाहीत. आम्ही गेलोय. 4,325 पैकी एक पेनीही अजून परत आलेली नाही. ज्यांना अशीच नकाराची पत्रं आलीत, त्यांनी ती फाडू नयेत. त्यातला 'घोर निष्काळजीपणा' हा शब्द बँकेने कशाच्या आधारावर वापरला, ते लेखी मागा. आम्ही मागितलंय.