'सेफ लीव्ह' वापरून बघितली: रजा चांगलीये, पण कुणाकुणाला कळते ते आधी विचारा

घरगुती हिंसाचार किंवा पाठलाग यात सापडलेल्या कर्मचाऱ्यांसाठी आमच्या कंपनीत वेगळी पगारी रजा आहे, 'सेफ लीव्ह' म्हणतात तिला. वर्षाला १० दिवस, पूर्ण पगार. मी ती घेतलीये, कारण वेगळं झाल्यावरही आधीच्या नवऱ्याने पिच्छा सोडला नव्हता, आणि ही रजा स्वतः वापरलेल्या कुणी मराठीत लिहिलंय का ते शोधलं तर मला काही सापडलं नाही म्हणून जरा सविस्तर लिहितेय. माझ्याकडून ५ पैकी साडेतीन स्टार. रजा म्हणून फार कामाची आहे. दीड स्टार कापलाय तो मुख्यतः एकाच गोष्टीसाठी, ती मिळवायला किती जणांपुढे घरातलं उघडं करावं लागतं त्यासाठी.

सगळे आधी हेच विचारतात की कॅज्युअल आहे, सिक आहे, मग ही वेगळी कशाला. तर कामं कुठली असतात ते बघा ना. पोलिसात तक्रार, वकील, कोर्टाची तारीख, संरक्षण आदेशाचा अर्ज, डॉक्टर, समुपदेशक, बँकेत जाऊन जॉइंट खात्याचं बघणं, नवीन घर शोधणं, कुलूप बदलणं, मुलाच्या शाळेत जाऊन सांगणं की न्यायला फक्त मीच येणार. यातलं बहुतेक सगळं ऑफिसच्याच वेळेत उघडं असतं, आणि कोर्टात तर सकाळी जाऊन बसायचं आणि दुपारी कळतं की तारीख पुढे गेली. साध्या रजा अशा भराभर संपतात, मग बिनपगारी सुरू होते, मग कामात लक्ष नाही म्हणून बोलणी. ज्या दिवसांत स्वतःच्या पगाराची सगळ्यात जास्त गरज असते त्याच दिवसांत नोकरी डळमळायला लागते, आणि हातात पैसा नाही म्हणून परत त्याच घरात जाणाऱ्या बायका आहेत हो, कमी नाहीत.

आमच्याकडे ही रजा तासांवर घेता येते. मला विचाराल तर १० दिवसांपेक्षा हीच सोय मोठी. वकिलाकडे दोन तास, समुपदेशकाकडे एक तास, अख्खा दिवस जात नाही आणि बाकीच्यांच्या नजरेतही येत नाही. शिवाय पूर्ण १० दिवस पहिल्याच दिवसापासून खात्यात असतात, महिन्याला थोडे थोडे साठत नाहीत, कारण असला प्रसंग रजा साठेपर्यंत थोडाच थांबतो!

आता अर्ज. इथे मला खरंच राग आलेला. पोर्टलवर रजेचा प्रकार निवडायचा असतो आणि त्या यादीत 'सेफ लीव्ह' असं चक्क नाव, अर्ज टाकला की मॅनेजरला मेल, तो सुट्टीवर असेल तर त्याच्या जागी जो असेल त्याला, आणि टीमच्या कॅलेंडरवर सुद्धा तेच नाव दिसायचं. माझ्या बाबतीत हे झालं. कुणी वाईट बोललं नाही पण दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी सगळे एकदम गप्प झाले ना, तेवढ्यावरून कळलं. मी एचआरला जाऊन बोलले, आणि त्यांनी ते बदललं हे प्रामाणिकपणे सांगते. आता कॅलेंडरवर नुसतं 'रजा' दिसतं, मॅनेजरला फक्त किती वेळ नसणार एवढंच कळतं आणि कारण एचआरमधल्या एकाच व्यक्तीकडे राहतं.

पगाराच्या स्लिपचंही तसंच. जो माणूस बायकोचा फोन, मेल, पगार सगळं तपासतो त्याच्या हाती ती स्लिप पडली आणि तिच्यावर या रजेचं नाव असलं तर पुढे काय होईल ते सांगायला नको. ऑस्ट्रेलियात २०२३ पासून १० दिवसांची पगारी रजा कायद्याने मिळते, पार्ट टाइम आणि कॅज्युअल कामगारांना सुद्धा, आणि तिथे या रजेचा उल्लेख पे स्लिपवर करायचाच नाही असा नियम आहे. ज्याने तो नियम सुचवला असेल त्याला ही घरं आतून माहीत असणार. आमच्याकडे स्लिप अजून बदललेली नाही, 'पुढच्या अपडेटमध्ये' असं उत्तर आहे. यासाठी अर्धा स्टार गेला.

पुरावा हा दुसरा अवघड भाग. पॉलिसीत लिहिलंय की पोलिस तक्रारीची प्रत, कोर्टाचा कागद, डॉक्टरचं सर्टिफिकेट किंवा मदत करणाऱ्या संस्थेचं पत्र, यातलं काहीही एक चालेल. वाचायला बरं वाटतं. पण बाई घर सोडते तो काळ सगळ्यात धोक्याचा असतो, आणि तक्रार केल्याचं त्याला कळलं तर धोका आणखी वाढतो, त्यामुळे रजेसाठी कागद आणायला म्हणून कुणाला पोलिसात पाठवणं बरोबर नाही. माझं समुपदेशकाच्या पत्रावर भागलं, त्यात फक्त 'यांना आमच्याकडून मदत सुरू आहे' एवढंच होतं आणि एचआरने जास्त खोदलं नाही. आयर्लंडमध्ये २०२३ च्या नोव्हेंबरपासून ५ दिवस पगारी मिळतात आणि मालकाला पुरावा द्यावा लागत नाही. दिवस निम्मे आहेत, पण निवड करायला सांगितली असती तर सुरुवातीच्या त्या आठवड्यात मी तेच ५ घेतले असते.

पाठलागाचं मात्र नीट वाचून घ्या. बऱ्याच ठिकाणी व्याख्या नात्यावर बांधलेली असते, नवरा, जोडीदार, आधीचा जोडीदार, घरातलं माणूस. आमच्या मजल्यावरच्या एका मुलीचा पाठलाग करणारा कुणीच लागत नव्हता तिचा, अनोळखी माणूस, रोज स्टेशनपासून मागे. तिचा अर्ज आधी परत आला की हे 'घरगुती' नाही! नंतर मंजूर झाला पण पॉलिसीत शब्द अजून तेच आहेत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सने २०१४ च्या कायद्यात पाठलाग वेगळा नाव घेऊन घातलाय, तिथे १५ दिवस मिळतात, पगारी की बिनपगारी ते मालक ठरवतो. पाठलाग असा वेगळा लिहिलेला असला की कुणाला नात्याचा खुलासा करत बसावं लागत नाही.

अजून एक, नुसती रजा पुरत नाही. घर बदलता येतं, नंबर बदलता येतो, पण ऑफिस कुठे आहे आणि सुटतं कधी ते त्याला पाठ असतं. त्यामुळे माझ्यासाठी रजेइतकंच महत्त्वाचं ठरलं ते म्हणजे येण्याजाण्याच्या वेळा बदलून मिळाल्या, गेटवर त्याचा फोटो दिला, रिसेप्शनला सांगितलं की माझ्याबद्दल फोनवर काही सांगायचं नाही, आणि जागा खिडकीपासून आत घेतली. न्यूझीलंडमध्ये तर १० दिवसांच्या पगारी रजेबरोबर २ महिन्यांपर्यंत कामाच्या वेळा किंवा जागा बदलून मागायचा हक्क कायद्यातच आहे, २०१९ पासून. आणि हो, एचआरने मला आधी 'घरून काम करा' असं सुचवलेलं. मी तेव्हा वेगळी राहत होते म्हणून ठीक, पण जिचा त्रास घरातच आहे तिला घरी बसवणं म्हणजे दिवसातले सुरक्षित आठ तास सुद्धा काढून घेणं, हे कृपा करून कुणीतरी त्यांच्या ट्रेनिंगमध्ये घाला.

१० दिवस पुरतात का? केस उभी राहिली तर नाही. इटलीत ३ महिन्यांपर्यंत पगारी मिळते, पण त्यासाठी ठराविक संस्थांच्या मदतीच्या कार्यक्रमात नाव असावं लागतं. फिलिपाइन्सने २००४ मध्येच १० दिवस पगारी दिले आणि संरक्षण आदेशात म्हटलं असेल तर वाढवून मिळतात, ही तरतूद मला सगळ्यात शहाणी वाटली.

घेणार असाल तर अर्ज टाकण्याआधी एचआरला समोरासमोर भेटा आणि विचारा की नाव कुठे कुठे दिसेल, मेल कुणाला जाईल, स्लिपवर काय छापलं जाईल. घरातला किंवा त्याला पासवर्ड माहीत असलेला फोन, लॅपटॉप वापरू नका, ऑफिसच्याच मशीनवरून करा. आणि एजन्सीमार्फत कामावर असाल तर आधी तेच विचारा, कारण आमच्याकडे सफाईचं काम करणाऱ्या आणि गेटवरच्या बायकांना ही रजा अजून लागूच नाही, त्यांचा पगार दुसऱ्याकडून होतो असं कारण देतात. मी आणि अजून काही जणींनी याबद्दल लेखी दिलंय, उत्तर आलं की इथेच लिहीन आणि स्टार त्याप्रमाणे बदलेन.