परवानगी ते ओसी पॅकेज: चौदा महिन्यांचा अनुभव (आणि १६४ प्रिंट्स)

ठाण्यात घोडबंदर रोडला आमची तळमजला अधिक दोन मजल्यांची इमारत, खाली गाळे, वर ऑफिसं. ओसी (इमारत वापरायचा दाखला) गेल्या आठवड्यात हातात आली. परवानगीपासून ओसीपर्यंतचं सगळं काम ज्यांना पॅकेजमध्ये दिलं होतं, त्या कन्सल्टंटचं शेवटचं बिल दुसऱ्याच दिवशी आलं: 'प्लॉटर प्रिंट, ए-वन, १६४ नग, दर ६०, एकूण ९,८४०.' म्हणून हे लिहितोय.

फाइल ऑनलाइन. शुल्काचं चलन ऑनलाइन. आर्किटेक्टची सही डिजिटल. मग नकाशाच्या चार शीटचे एक्केचाळीस संच कोणी वाचले? स्टेशनजवळ हीच प्रिंट ३५ रुपयांत मिळते, मी स्वतः विचारून आलो. विचारलं तर त्यांच्या ऑफिसातला मुलगा म्हणाला, "साहेब, हातात एक संच असलेला बरा असतो." एक, एक्केचाळीस नाही.

आता कामाचं. पहिल्या महिन्यात या कन्सल्टंट लोकांवर माझा जाम राग होता. सातबाऱ्यावर ६२० चौरस मीटर स्वच्छ लिहिलेलं, तरी 'तातडीची मोजणी करून घ्या' म्हणून मागे लागले. मला वाटलं, खर्च वाढवायचा धंदा. आमच्या दादाने तर फोनवर त्यांना सुनावलंच. मोजणी झाली, क्षेत्र निघालं ५९८. राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीच्या (डिसेंबर २०२० पासूनची, यूडीसीपीआर) क्षेत्र-तक्त्यात मालकीचा कागद, मोजणी नकाशा आणि प्रत्यक्ष जागा यांतला सर्वांत कमी आकडा धरतात. म्हणजे ६२० वर काढलेला आमचा नकाशा पहिल्याच छाननीत अडकला असता. क्षेत्र घटल्याने दुसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली केबिन गेली, पण ती कागदावर गेली, स्लॅब ओतल्यावर नाही. तेव्हापासून मी त्यांना लुटारू म्हणणं बंद केलं. (प्रिंट सोडून.)

दुसरी गोष्ट साठ दिवसांची. एमआरटीपी (राज्याच्या नगररचना) कायद्याच्या कलम ४५ मध्ये साठ दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरायची तरतूद आहे, हे मी कुठेतरी वाचून मिरवत होतो. त्यांनी समजावलं की मध्ये त्रुटी काढली की साठ दिवस आपल्या उत्तरापासून मोजायचे. आम्हाला दोनदा त्रुटी निघाली. एकदा तर नकाशातल्या प्लॉटची पॉलीलाइन (हद्दीची रेघ) एका टोकाला बंद नव्हती, ऑटोडीसीआरला (नकाशा तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला) प्लॉटच दिसेना. आर्किटेक्टने दहा मिनिटांत जोडली, पण ते कळायला आठवडा गेला. हा आठवडा मी कन्सल्टंटच्याच खात्यात धरतो. अपलोड करण्याआधी तपासणं हेच तर त्यांचं काम.

सीसी (बांधकाम सुरू करायचा दाखला) एक वर्षाची असते, मग नूतनीकरण. त्याची तारीख त्यांनी आठवणीने कळवली. प्लिंथ (जोतं) चेकिंगच्या दाखल्याशिवाय वर जाऊ नका म्हणून आमच्या काँट्रॅक्टरला दोनदा अडवलं, तो चिडला, मी खूश. अग्निशमनाचा नमुना 'अ' (यंत्रणा बसवल्याचा दाखला) वेळेत आला. पुढे वर्षातून दोनदा नमुना 'ब' (ती चालू असल्याचा) भरायचा, तेही आपल्याच खिशातून. बांधकाम खर्चावरचा एक टक्का कामगार उपकर मात्र पॅकेजच्या बाहेर आहे हे मला चलन आल्यावर समजलं. कोटेशनमध्ये एक ओळ टाकायला काय जातं? प्लॉट ५०० चौरस मीटरच्या वर असल्यामुळे पावसाचं पाणी जिरवायचा खड्डा बंधनकारक, तो त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितला होता, म्हणून बजेट कोसळलं नाही.

पाचपैकी साडेतीन. प्रिंट नसत्या तर साडेचार.

काल त्यांना म्हटलं, पैसे देतो, पण माझ्या १६४ प्रिंट मला परत द्या. मुलगा आज दुपारी रिक्षाने गठ्ठा घेऊन दुकानात आला. अडतीस गुंडाळ्या होत्या, रबरबँडसकट. एकही उलगडलेली नव्हती.