विंडोज ११ ची रिकव्हरी : "फॉरमॅट मारून देतो" ऐकण्याआधी काय काय करून बघता येतं

मायक्रोसॉफ्टचे मासिक अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुटतात, आपल्याकडे रात्री साडेदहा-साडेअकराला. पुढच्या दोन-तीन दिवसांत नागपूरच्या बर्डीतल्या रिपेअरिंगच्या काउंटरवर "भाऊ, पीसी चालूच नाही होऊन राहिला" हे वाक्य ऐकू येतं आणि समोरून उत्तर येतं, "ठेवून जा, विंडोज मारून देतो," म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकतो. पीसी चालू होतो, पण हिशेबाची टॅली, मराठी टायपिंगची श्रीलिपी, प्रिंटरची सेटिंग आणि ब्राउझरमधले पासवर्ड गेलेले असतात. हे परीक्षण त्या काउंटरचं नाही. पीसीत आधीपासून फुकट बसलेल्या रिकव्हरीचं, म्हणजे बिघडलेली विंडोज सावरणाऱ्या साधनांचं आहे. आमचं मत आधीच सांगतो: साधन चांगलं आहे, नावं फसवी आहेत, आणि सगळं काही क्रमावर अवलंबून आहे.

अपडेटचा पडदा अडकलेला दिसला म्हणजे बिघाड झालाच असं नाही. "वर्किंग ऑन अपडेट्स ३० टक्के" वर गोल फिरत राहणं हार्ड डिस्कवाल्या जुन्या डेस्कटॉपवर तास-दीड तासही चालतं. कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर हात लावू नका. "अनडूइंग चेंजेस" लिहून आलं असेल तर विंडोज स्वतःच मागे फिरत असते, आणि तेव्हा बटण दाबून बंद करणं सगळ्यात घातक. दोन-तीन तास दिवा थंड आणि पडदा तसाच, असं असेल तरच पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा.

रिकव्हरीत शिरायचा रस्ता असा. विंडोज चालू होत असेल तर स्टार्टमध्ये शिफ्ट दाबून धरून रिस्टार्ट. होतच नसेल तर लोगो दिसताच पॉवर बटणाने बंद करायचं. असं लागोपाठ दोन-तीनदा केलं की पुढच्या वेळी निळा पडदा आपोआप येतो. तिथून ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स.

इथे बहुतेक जण पहिल्यांदा स्टार्टअप रिपेअर दाबतात, कारण नाव आश्वासक आहे. आमच्या मते यादीतला सगळ्यात कमकुवत पर्याय हाच. बूटची, म्हणजे विंडोज सुरू करणारी फाइल बिघडली असेल तर तो कामाचा, पण अपडेटने आणलेला सदोष ड्रायव्हर (उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) किंवा अर्धवट बसलेलं पॅकेज त्याला बहुधा दिसत नाही. एकदा चालवा, "रिपेअर करू शकलो नाही" म्हणाला की पुढे व्हा. पुन्हा पुन्हा चालवून फायदा नाही.

खरं काम करणारा पर्याय म्हणजे अनइन्स्टॉल अपडेट्स. त्यात दोन ओळी असतात: लेटेस्ट क्वालिटी अपडेट, म्हणजे मासिक पॅच, आणि लेटेस्ट फीचर अपडेट, म्हणजे २३एच२ वरून २४एच२ अशी आवृत्तीची मोठी उडी. मंगळवारनंतर बिघडलं असेल तर पहिली ओळ. फाइल, सॉफ्टवेअर कशालाच धक्का लागत नाही. फीचर अपडेट मागे घ्यायची मुदत मात्र साधारण १० दिवसच असते. ती संपली, किंवा डिस्क क्लीनअप करताना "प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन्स"वर टिक लावली, की परतीची वाट बंद. सी ड्राइव्ह भरला म्हणून हौसेने सफाई करणाऱ्यांनी निदान अपडेटनंतरचे दहा दिवस तरी थांबावं.

पॅच काढल्यावर एक काम हमखास राहून जातं. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये जाऊन अपडेट पॉझ करा. विंडोज ११ मध्ये पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं. नाही केलं तर रात्री तोच पॅच परत उतरतो आणि सकाळी तोच निळा पडदा.

अनइन्स्टॉलच अडलं, तर अपडेट अर्धवट लटकलेलं आहे असं समजा. त्याच मेन्यूतला कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि आधी ड्राइव्हचं अक्षर तपासा. रिकव्हरीत विंडोजवाला ड्राइव्ह कधी सी असतो, कधी डी. डीआयआर (फोल्डरची यादी दाखवणारी कमांड) करून ज्यात विंडोज आणि युजर्स हे फोल्डर दिसतील तो आपला. मग डीआयएसएम, म्हणजे विंडोजचा मूळ फाइलसाठा दुरुस्त करणारी कमांड: इमेज म्हणून तो ड्राइव्ह द्यायचा, पुढे क्लीनअप-इमेज, आणि शेवटी रिव्हर्टपेंडिंगॲक्शन्स हे तिन्ही शब्द जोडून. ही कमांड लटकलेली सगळी कामं पुढच्या बूटला रद्द करते. त्यानंतर विंडोज उघडलं तर आत येऊन ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून डीआयएसएमचं रिस्टोअरहेल्थ आणि मग एसएफसी स्कॅननाऊ, म्हणजे बिघडलेल्या सिस्टिम फाइली बदलणारी कमांड. क्रम हाच ठेवा: एसएफसी ज्या साठ्यातून चांगल्या फाइली उचलतं तो साठा आधी डीआयएसएमने नीट व्हायला हवा. बरेच व्हिडिओ हे उलटं सांगतात.

पीसी चालू आहे पण आवाज, वायफाय किंवा टचपॅड गेलं असेल, तर एवढ्या खोलात जायची गरज नाही. डिव्हाइस मॅनेजर, त्या उपकरणाचं प्रॉपर्टीज, ड्रायव्हर टॅब, रोल बॅक ड्रायव्हर. बटण पुसट असेल तर जुना ड्रायव्हर शिल्लक नाही. तो लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून मॉडेल नंबर टाकून घ्यायचा.

आता मोठी तक्रार. हे साधन नेमकं गरजेच्या वेळी पांगळं झाल्याचं उदाहरण फार जुनं नाही. १४ ऑक्टोबर २०२५ च्या केबी५०६६८३५ या अपडेटनंतर विंडोज ११ च्या रिकव्हरीत यूएसबी कीबोर्ड आणि माउस चालेनासे झाले. विंडोजमध्ये सगळं ठीक, निळ्या पडद्यावर मात्र बाण हलेना. रिकव्हरी ही वेगळी छोटी विंडोज असते, तिचे ड्रायव्हर वेगळे, म्हणून बिघाड फक्त तिथे. मायक्रोसॉफ्टने २० ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, केबी५०७०७७३ हा तातडीचा पॅच दिला. पण तो पॅच घ्यायला विंडोज आधी सुरू व्हायला पाहिजे ना! ज्यांचा पीसी बंदच, त्यांच्यासाठी टचस्क्रीन, रिकव्हरीचा पेन ड्राइव्ह किंवा जुना पीएस-टू कीबोर्ड हेच मार्ग उरले. असेंबल केलेल्या डेस्कटॉपच्या मागे जांभळं आणि हिरवं गोल छिद्र असतं ते हेच: जांभळं कीबोर्डचं, हिरवं माउसचं. पीसी बंद असतानाच पिन जुळवून लावायचा, चालू पीसीला लावलेला पीएस-टू कीबोर्ड सहसा ओळखला जात नाही. माळ्यावर असा एखादा पडला असेल तर भंगारवाल्याला देऊ नका.

दुसरी अडचण बिटलॉकरची, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणाऱ्या सोयीची, आणि ती जास्त घरांत येते. नवीन लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन-इन केलं की होम आवृत्तीतही डिव्हाइस एन्क्रिप्शन गुपचूप सुरू होतं. मग अपडेटनंतर किंवा रिकव्हरीत शिरताना ४८ अंकी चावी मागितली जाते. ती त्याच अकाउंटमध्ये साठवलेली असते. मोबाइलवर अकाउंट उघडून डिव्हाइसेसखाली बिटलॉकर रिकव्हरी कीज बघा, आणि पडद्यावरच्या की आयडीची पहिली आठ अक्षरं जुळवून घ्या. घोळ इथे होतो: लॅपटॉप विकत घेताना दुकानदाराने "मी सेट करून देतो" म्हणत स्वतःच्या ईमेलने साइन-इन केलेलं असतं. चावी त्याच्या अकाउंटमध्ये, लॅपटॉप तुमच्या घरात. चावी कुठेच सापडली नाही तर डेटा कोणीच काढून देऊ शकत नाही, "काढून देतो" म्हणणारा पण नाही. आज पीसी धड चालतोय तोवर चावी वहीत उतरवून ठेवा.

पीसी उघडतो पण धड चालत नाही, अशांसाठी सगळ्यात उपयोगी बटण सेटिंग्जमध्ये आहे आणि फारच कमी लोकांना ठाऊक आहे. सिस्टिम, रिकव्हरी, "फिक्स प्रॉब्लेम्स युझिंग विंडोज अपडेट", त्यापुढे रीइन्स्टॉल नाऊ. हे त्याच आवृत्तीची विंडोज नव्याने उतरवून जुन्यावर बसवतं. फाइली, सॉफ्टवेअर, सेटिंग सगळं जागेवर राहतं. त्याच्या शेजारचं रीसेट धिस पीसी मात्र वेगळं प्रकरण आहे. "कीप माय फाइल्स" वाचून लोक निश्चिंत होतात, पण त्यात राहतात त्या फक्त फाइली. टॅली, श्रीलिपी, फोटोशॉप, स्कॅनरचं सॉफ्टवेअर सगळं उडतं, आणि काय काय उडालं त्याची यादी तेवढी डेस्कटॉपवर मिळते. छोट्या दुकानदाराच्या किंवा डीटीपीवाल्याच्या पीसीवर हे बटण म्हणजे अर्धं फॉरमॅटच. आमच्या हिशेबी रीइन्स्टॉल नाऊला पाचपैकी साडेचार, रीसेटला अडीच.

रीइन्स्टॉल नाऊला, आणि रीसेटमध्ये क्लाउड डाउनलोड निवडलं तर त्यालाही, इंटरनेट भरपूर लागतं. रीसेटच्या क्लाउड डाउनलोडला ४ जीबीहून जास्त. रोज दीड-दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर हॉटस्पॉट लावून बसलात तर ते मध्येच अडकेल. ब्रॉडबँड नसेल तर मित्राच्या पीसीवर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने किमान ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोज घ्या, आपल्या चालू विंडोजमधून त्यातलं सेटअप चालवा आणि "कीप पर्सनल फाइल्स अँड ॲप्स" निवडा. पेन ड्राइव्हवरून बूट करून सेटअप केलं तर हा पर्याय मिळत नाही, हे ध्यानात असू द्या. आणि अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपवर बूट केलेल्या सेटअपला एसएसडीच दिसत नाही. एसएसडी गेली असं समजून नवीन घ्यायला धावू नका. इंटेलचा व्हीएमडी ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर टाकून "लोड ड्रायव्हर"ने दिला की ती दिसते.

नागपुरात यात विजेचा भाग वेगळा धरावा लागतो. मे महिन्यात एका लाइनवर कूलर, पंप आणि डेस्कटॉप असतील तर दुपारी अपडेट लावू नका. ६०० व्हीएचा यूपीएस पीसी नीट बंद करण्यापुरता असतो, अख्खं अपडेट पार पाडण्यापुरता नाही. बॅटरी दोन-तीन वर्षं जुनी झाली की तेवढाही नाही. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण यूपीएस मोडवर आहे का बघा. इको किंवा नॉर्मल मोडवर लाइट गेली की पंख्याला फरक पडत नाही, पण पीसी त्या क्षणभराच्या खंडात रिस्टार्ट मारतो, आणि अपडेट बसताना तोच क्षण महागात पडतो.

एवढं करूनही दुकानात न्यायची वेळ आलीच, तर देण्याआधी तीन गोष्टी स्पष्ट बोला. डेटा म्हणजे फक्त डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स नाही. टॅलीचा डेटा फोल्डर आणि आउटलुकची पीएसटी फाइल (जिच्यात ईमेल साठतात) नाव घेऊन सांगा. लॅपटॉपसोबत आलेल्या विंडोजची की बहुतेक वेळा मदरबोर्डमध्येच असते, तेव्हा होमच्या जागी क्रॅक केलेलं प्रो टाकू नका म्हणा. तीच आवृत्ती टाकली की नेट लागताच आपोआप ॲक्टिव्हेट होते. आणि साइन-इन तुमच्याच ईमेलने, तुमच्या समोर.

विंडोज १० वाल्यांसाठी दोन शब्द. नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती पीसीला वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करता येते, मुदत १३ ऑक्टोबर २०२६. अनइन्स्टॉल अपडेट्स आणि डीआयएसएम तिथेही चालतात, पण रीइन्स्टॉल नाऊ हे बटण नाही. शिवाय जानेवारी २०२४ च्या केबी५०३४४४१ ला ०एक्स८००७०६४३ ही एरर येत असेल, तर रिकव्हरी पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळी जागा नाही एवढाच त्याचा अर्थ. पीसी खराब नाही आणि फॉरमॅट त्यावर इलाज नाही. पार्टिशन वाढवायचं, नाहीतर एररकडे दुर्लक्ष करून काम चालू ठेवायचं.